डाव्या बाजूचा पट्टा

मी पिकअप चालवते याचं लोकांना फार कौतुक, आणि मला त्या कौतुकाचा मनस्वी कंटाळा. आमचा सजावटीच्या फुलांचा धंदा आहे. नवरा गेल्यावर मी एकामागून एक ड्रायव्हर ठेवले, एकामागून एक हाकलले, आणि शेवटी वैतागून स्वतःच स्टिअरिंग हातात घेतलं. बनशंकरीतून पहाटे मार्केट, मार्केटातून लग्नाचे हॉल, संध्याकाळी घर. झेंडूची पोती बांधून बांधून माझ्या तळव्यांना घट्टे पडलेत. मोटरसायकल मात्र त्या रविवारपर्यंत मी कधी बांधली नव्हती. ते काम माझ्या मुलाचं. तो नेमका कंपनीच्या कामाला परदेशात गेला होता, आणि न्यायची होती ती त्याच्या बायकोची मोटरसायकल.

माझी सून शर्यतीत गाडी पळवते. आता कुणी विचारलं तर मी असं सरळ सांगते; पूर्वी नुसतं ‘खेळाडू आहे’ म्हणून विषय बदलायची. शर्यतीच्या गाडीला दिवा नसतो, नंबर नसतो, ती रस्त्यावर आणायची सोयच नाही. ट्रॅकपर्यंत तिला वाहूनच न्यावं लागतं. आणि हा ट्रॅक होस्कोटेच्याही पुढे, म्हणजे आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्या दिवशीची फेरी नेहमीच्या सरावाची नव्हती. एका संघात एक जागा रिकामी झाली होती. संघाचा मॅनेजर काही जणांना आपापल्या गाडीवर पळवून बघणार आणि त्यातून एकाला घेणार होता. आठच्या आत गेटातून आत जायचं, गाडी तपासून घ्यायची, तपासणीत काही निघालं तर आल्या वाटेनं परत. सून तिशी ओलांडलेली. आदल्या वर्षी पडून तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आत अजून धातूची पट्टी आहे. ओट्याशी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली होती, “आई, या वेळी नाही झालं तर मला परत कुणी बोलावणार नाही.” रडली नाही, काही नाही, हातातलं पातेलं पुसून जागेवर ठेवलं. माझी मात्र त्या दिवसापासून झोप उडाली.

आणि नेमके त्याच आठवड्यात आमचे व्याही येऊन बसले होते. सुनेचे वडील. कराडकडचे, बँकेतून रिटायर झालेले. माणूस वाईट नाही हो. मोजकं बोलतात, ताटात काही टाकत नाहीत, स्वतःचा कप स्वतः विसळतात. पण आले होते ते एकच गोष्ट सांगायला, आणि आठवडाभर ती गोष्ट हरतऱ्हेनं सांगत होते. पेपरात अपघाताची बातमी आली की मोठ्यानं वाचायची. जेवताना मध्येच विचारायचं, “थंडीत ती पट्टी ठणकते का गं?” शनिवारी मग आडपडदाच सोडला. म्हणाले, “बास झालं आता. पुरं कर हे.” सून म्हणाली, “आबा, उद्याचा दिवस जाऊ द्या, मग बोलू.” ते झोपायला जाताना मला म्हणाले, “विहीणबाई, उद्या मीपण येतो. गाडी चढवायला तेवढाच एक हात.” मला बरं वाटलं. सुनेला वाटलं नाही, ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

आमच्या बोलण्याविषयी इथं एक सांगते. आमचं घराणं कधीच्या काळी इकडं कानडी मुलखात आलं, त्या पिढ्या आता कुणाला मोजता येत नाहीत. मराठी आम्ही घरात बोलतो, पण तिच्यात कानडी इतकं मुरलंय की कुठला शब्द कुठला, आमचं आम्हाला कळत नाही. मी ‘स्वल्प थांबा’ म्हटलं की व्याही गालातल्या गालात हसायचे. पुणेरी थाटात कुणी हसलं असतं तर मी चांगली झाडली असती. त्यांचं हसणं तसं नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

सकाळी उजाडायच्या सुमाराला आम्ही गाडी चढवली. चढवायला मागे फळी लावली, सुनेनं हँडल धरलं, आम्ही दोघांनी मागून रेटलं. पुढचं चाक कॅबिनच्या भिंतीला टेकवलं. मग सून गाडीवर बसली आणि सगळा भार पुढे टाकून पुढचे शॉक दाबून धरले. गंमत अशी असते की हे शॉक दाबलेले असतानाच दोन्ही बाजूंचे पट्टे आवळायचे, म्हणजे गाडी खाली खेचून बसते, खड्ड्यात उडत नाही. पट्ट्याला लोखंडी दांडी असते, ती खालीवर केली की पट्टा दातादातानं ताणला जातो. उजव्या बाजूला मी, डाव्या बाजूला व्याही. सुनेचे हात थरथरायला लागले, त्या खांद्यावर तिला जास्त वेळ जोर देववत नाही. मी दांडी मारत मारत व्याह्यांना सांगत होते, “बिगी करा हो व्याही, बिगी, बिगी.” ते “हो हो” म्हणाले, त्यांनी दोनदा दांडी मारली आणि टुणकन खाली उडी मारली. मागचे दोन पट्टे सुनेनं बांधले. मी माझ्या बाजूनं गाडी हलवून बघितली, हलली नाही. त्यांची बाजू बघायला हवी होती. पण व्याह्यांचं काम तपासायचं कसं? ते बरं दिसतं का?

कॅबिनमध्ये मी स्टिअरिंगवर, मध्ये सून, खिडकीशी व्याही. सून डोळे मिटून बसली होती, ट्रॅकची वळणं मनात घोळवत असणार, तिचा उजवा पंजा मांडीवर हळूहळू मिटायचा आणि उघडायचा. रविवार म्हणून रस्ता मोकळा मिळेल असं मी धरून चालले होते. कसला मोकळा. सिल्क बोर्डला सिग्नलवर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. व्याही मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. मला वाटलं, त्या गाडीवरचा राग आहे, बघू देत. पुढे मेट्रोच्या कामानं रस्ता कधी इकडून तर कधी तिकडून वळवलेला. मारतहळ्ळी मागे पडेपर्यंत माझ्या मानेला रग लागली होती आणि घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती.

महादेवपुऱ्यात एका कंपनीच्या गेटासमोर रस्त्यात उंचवटा आहे. त्याला रंग नाही, पाटी नाही, काही नाही. मी वेगात होते, हे खोटं कशाला सांगू. पिकअप उडाली, आपटली, आणि मागून पत्र्यावर काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. सून किंचाळली नाही. फक्त म्हणाली, “थांबवा.”

डावा पट्टा सुटला होता. त्याचा आकडा निसटला, पट्टा बाजूच्या पत्र्यावरून खाली लोंबकळला आणि आमच्याच मागच्या चाकाखाली जाऊन चिंध्या झाल्या. उजव्या पट्ट्यानं गाडी माझ्या बाजूला ओढून घेतली होती. मोटरसायकल पिकअपच्या पत्र्यावर आडवी रेलली होती, पुढच्या ब्रेकचा दांडा अर्धा मोडून पडलेला, पाय ठेवायचा खुंट वर वळलेला. एक रिक्षावाला न बोलावता थांबला, “एनायतु अक्का?”, काय झालं ताई, असं विचारत वर चढला आणि त्यानं हात दिला म्हणून ती उभी तरी झाली.

सून गाडीशेजारी उकिडवी बसली आणि तिनं बाकीच्या पट्ट्यांना एकेक करून हात लावून बघितला. तिन्ही ताठ होते. मग ती उठली आणि वडिलांकडे वळली.

“आबा, तुम्ही मुद्दाम केलंत.”

व्याह्यांनी चाकाखालची चिंधी ओढून काढली.

“आई तुमच्यासमोर उभं राहून सांगत होत्या. मी गाडीवर बसले होते, माझ्या कानांनी ऐकलंय. आणि तुम्ही पट्टा तसाच टाकून खाली उतरलात. तुम्हाला हे नकोच होतं. मग तोंडावर सांगायचं, मी नाही येत म्हणून. माझ्या गाडीला कशाला हात लावलात?”

“मला सांगितलं तसंच मी केलं,” व्याही म्हणाले.

“पट्टा न आवळता सोडा असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ते ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा वाटलं, चोरी पकडली गेली. खरं सांगते, असा संताप आला मला. आठवडाभर मी या माणसाला गरम पोळ्या वाढल्या होत्या.

भांडायला वेळ नव्हता. सुनेच्या पेटीत ब्रेकचा जादा दांडा होता, तो तिनं तिथंच रस्त्याच्या कडेला बसवला. खुंट मी पाइपात घालून जोर लावून सरळ केला. राहिला प्रश्न चौथ्या पट्ट्याचा. माझ्याकडे पोती बांधायचा नायलॉनचा दोर होता, तो बांधला, पण दोर ताणला जात नाही, थोडा ढिला राहतोच. पुन्हा एखादा खड्डा आला तर पुन्हा तेच. आम्ही दोघी बघत उभ्या होतो तेवढ्यात व्याही कुणालाही न विचारता मागे चढले, मोटरसायकल आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत बसले, एक पाय पुढे रोवला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. सत्तरीच्या घरातला माणूस. सून म्हणाली, “उतरा, मी बसते.” ते म्हणाले, “तुला हात लागणार आहेत आज.” ती पुढे येऊन बसली आणि तिनं दार आपटलं.

मी पिकअप सुरू केली. आता हळू चालवावं तर आठ वाजणार, जोरात चालवावं तर मागे तो म्हातारा माणूस. प्रत्येक खड्ड्याला मी आरशात बघायची, आरशात मला फक्त त्यांच्या पांढऱ्या केसांचा शेंडा दिसायचा. सून समोर बघत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “रडू नको,” मी म्हटलं. “आधी पोचू, मग त्यांचं काय ते बघू.” ती म्हणाली, “मला रडायला येत नाहीये आई, मला राग येतोय.”

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलापाशी बसेस आडव्या उभ्या होत्या आणि मी त्यांच्यात अडकले. हॉर्न मारून हात दुखला. वाट मोकळी झाली तेव्हा कॅबिनच्या छपरावर धपाधप थापा पडल्या. व्याही मागून ओरडत होते, “विहीणबाई, बिगीबिगी हाणा, आठ वाजतील. बिगीबिगी.”

मी जीव खाऊन ब्रेक दाबला. आता तो दोरही सुटला की काय? मान काढून विचारलं, “काय बिगी करू? सुटलंय का काही?”

“काही सुटलं नाही. लवकर चला म्हणतोय, लवकर.”

मागच्या बसवाल्यानं हॉर्न मारून मारून जीव नको केला तरी माझा पाय ब्रेकवरून उठेना. मी सुनेकडे बघितलं.

“तुमच्या कराडला बिगी म्हणजे काय गं?”

“बिगीबिगी? लवकर लवकर.” एवढं म्हणून ती थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

आमच्यात बिगी म्हणजे घट्ट. कानडीत बिगी म्हणजे घट्ट, म्हणून आमच्या मराठीतही घट्ट. माझ्या आजीपासून आम्ही तसंच बोलत आलो: दार बिगी लाव, गाठ बिगी मार, झाकण बिगी बसलंय. सून लग्न होऊन इथं आली आणि तिच्याही कानाला तेच सवयीचं झालं. गाडीवर बसून तिनं माझं ‘बिगी’ ऐकलं ते माझ्याच अर्थानं. माहेरचा अर्थ तिच्या डोक्यातही आला नाही. आणि त्या माणसाला ऐकू आलं की विहीणबाई घाई करतायत, लेकीचा खांदा दुखतोय, आटपा लवकर. म्हणून त्यांनी आटपलं. आणि मघाशी लेक तोंडावर नाही नाही ते बोलत होती तेव्हा, ‘विहीणबाईंनीच घाई केली’ हे माझ्या देखत बोलायचं नाही म्हणून ते गप्प बसले होते. मर्यादा म्हणून. आणि मी त्याला चोरी समजले.

“अगं आई गं,” सून म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी म्हटलं, “शब्द माझा होता, दोष त्यांचा नाही. पोचल्यावर आधी त्यांना सांग, मग हेल्मेट घाल.” ती मान हलवत राहिली. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. इतकं हलकं वाटलं मला की पुढचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही.

गेट बंद करायला माणूस उठला होता. मी त्याला कानडीत काय काय सांगितलं देव जाणे, त्यानं आत सोडलं. तपासणीच्या माणसानं ब्रेक दाबून बघितला, खुंट हलवून बघितला, सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडीवर पास झाल्याचा कागद चिकटवला. तेवढं झालं आणि ती सरळ वडिलांकडे गेली. ते पिकअपच्या मागच्या फळीला टेकून उभे होते. त्यांची बोटं हँडल धरून धरून आकडली होती आणि ते ती एकेक करून सरळ करत होते.

“आबा, चुकलं माझं,” ती म्हणाली. बिगीचा सगळा घोळ तिनं भराभरा सांगितला आणि त्यांच्या पायांशी वाकली. ते ऐकताना आधी हसल्यासारखे झाले. ती वाकली तसे मात्र त्यांनी तिचे दंड धरले आणि तिला मध्येच थांबवलं.

“थांब. पाया पडू नको.”

“मी नाही नाही ते बोलले तुम्हाला.”

“शब्दाचं म्हणतेस ते खरं आहे. मला घाई करा असंच ऐकू आलं. पण सिल्क बोर्डला आपण उभे होतो तेव्हा मी मागं बघितलं. पट्टा ढिला होऊन लोंबत होता. मला दिसला होता.”

सून तशीच अर्धवट वाकलेली होती.

“मग?”

“मग बोललो नाही.”

“का?”

“वाटलं, आजचा दिवस टळला तर टळू दे.”

मी तिथंच उभी होते. मला वाटलं, आपण हे ऐकायला नको होतं. सून हळूहळू सरळ झाली. तिनं त्यांचे हात स्वतःच्या दंडावरून काढले, झटकले नाहीत, काढले.

“मग आता कशाला सांगितलंत?” तिनं विचारलं. “मला कधी कळलं नसतं.”

“तू पाया पडायला लागलीस,” ते म्हणाले. “कसं पडू द्यायचं?”

मग मॅनेजरच्या माणसानं तिचा नंबर पुकारला. तिनं हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले आणि गाडी ढकलत गेली. मला तिच्यामागे धावून काहीतरी सांगावंसं वाटत होतं, शांत हो, श्वास घे, असलं काहीतरी. पण मला कोण जाऊ देतंय.

जाळीशी आम्ही दोघं उभे राहिलो, मध्ये चांगलं अंतर ठेवून. मला त्यांना खूप बोलायचं होतं. लेकीचं हाड मोडलेलं बघून आलेलं भय मला कळत नाही असं नाही. ती पडली तेव्हा दवाखान्यात रात्रभर मीच बसले होते. पण मोटरसायकल पिकअपमध्येच पडायच्या ऐवजी रस्त्यावर उडून मागच्या कुणाच्या अंगावर गेली असती तर? हे सगळं जिभेवर आलं आणि मी गिळलं, कारण तेवढ्यात सून ट्रॅकवर सुटली. पहिल्या फेरीला ती फारच सावकाश गेली. मन थाऱ्यावर नाही पोरीचं, मला वाटलं, गेलं सगळं. व्याही ट्रॅककडे बघतच नव्हते. जाळी धरून खाली जमिनीकडे बघत नुसता आवाज ऐकत होते. वळणावर आवाज पडला की त्यांचे डोळे मिटायचे, पुन्हा चढला की उघडायचे. दुसऱ्या फेरीला ती आमच्यासमोरून गेली तेव्हा आवाज वेगळा होता. तिसऱ्या फेरीला लांबच्या वळणावर ती जमिनीला गुडघा टेकेल इतकी कलली आणि मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. पुढे ती कुणाच्या मागे राहिली नाही.

निकाल लगेच नाही सांगितला. सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या, मॅनेजरनं तिला तंबूत बोलावलं, मी बाहेर पदराला पीळ देत उभी. ती बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. कातडी सूट घामानं भिजलेला होता. “घेतलं आई,” म्हणाली. “मला घेतलं.” आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. मग तिनं माझ्या खांद्यावरून पिकअपकडे बघितलं. व्याही कॅबिनमध्ये खिडकीशी जाऊन बसले होते.

“आबांना तुम्ही सांगा,” ती म्हणाली, आणि गाडीतलं पेट्रोल काढायला निघून गेली.

मी पिकअपपाशी गेले. ते समोरच्या काचेकडे बघत होते, मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून. तळवे लाल झाले होते.

“घेतलं हो तिला,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील, पण रडले नाहीत. म्हणाले, “चांगलं झालं,” आणि ते मनापासून म्हणाले, एवढं मला कळतं. मग त्यांनी विचारलं, “तिनं पाठवलं का तुम्हाला? मला सांगायला?”

“हो.”

“ती येते म्हणाली का?”

येईल हो, राग निवला की येईल, असं माझ्या अगदी ओठावर होतं. पण ती तसं काही म्हणाली नव्हती. आणि पाया पडू पाहणाऱ्या लेकीला ज्यानं सकाळी खरं सांगून टाकलं, त्याच्यासमोर मला खोटं बोलवेना.

“तसं काही म्हणाली नाही,” मी म्हटलं.